तांदळातलं नाव

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. नुसतं आडनाव नाही, तिचं स्वतःचं नाव. ताटात तांदूळ पसरतात, नवरदेव सोन्याच्या अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो, बायका वाकून वाकून वाचतात आणि कुणीतरी साखर वाटतं. माझ्या भावाच्या लग्नात ते नाव मी ठेवलं होतं. त्यापुढं मला नावं ठेवायचा पुरता हक्क वहिनीला होता. तिनं तो एकदाही वापरला नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

नाव बदलणं भागच होतं. वहिनीचं माहेरचं नाव आणि माझ्या आईचं नाव एकच. सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, तिला आत्याबाई म्हणायचं, ही एक गोष्ट, पण सुनेला हाक मारायची म्हणून घरातल्या सगळ्यांनी दिवसभर सासूचं नाव घ्यायचं, हे कसं जमणार? नातेवाइकांनी चार-पाच नावं सुचवली, ती मी एकेक करून मोडीत काढली. बेल्याच्या मंडल कचेरीत, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीत, मी कॉम्प्युटरवर दाखले टाइप करायचे. कंत्राटी नोकरी होती, पण टेबल होतं, खुर्ची होती. आदिलाबादला तेलुगू माध्यमातून बारावीपर्यंत शिकलेली आमच्या घरातली मी एकटीच. घरात सगळे मला शहाणी समजत, आणि मीही समजत असे.

मी निवडलं ते नाव लहान होतं, त्यात एकही जोडाक्षर नव्हतं. भाऊ सातवीत नापास होऊन शेतीला लागला होता, त्याला लिहायला सोपं जावं हा हिशोब. तरी मी सकाळी बॉलपेननं त्याच्या तळहातावर ते लिहून दिलं. त्यानं हळूच मुठीत पाहून तांदळात लिहिलं आणि एक वेलांटी चुकवली. बायका हसायला लागल्या. मी पुढं होऊन बोटानं वेलांटी नीट केली. ताटात शेवटचा हात माझाच लागला होता.

वहिनी गुडीहत्नूरकडच्या एका खेड्यातली, मराठीतून बारावी झालेली. तिच्या वडिलांनी बोलणीच्या वेळी एकच गोष्ट धरून ठेवली होती. देण्याघेण्याचं तुम्ही म्हणाल तसं, पण पोरीला मास्तरीण व्हायचं आहे, तेवढं शिकू द्या. सीमेवरच्या आमच्या गावांत सरकारी मराठी शाळा आहेत, आणि शिक्षकभरती निघाली की त्यांच्यासाठी वेगळ्या मोजक्या जागा निघत. त्या जागेला डी.एड. लागायचं. आईनं बोलणीत मान डोलावली, पण लग्न झाल्यावर ती विषय काढेना. शेवटी मीच काढला.

ते दिवस फी सरकार भरण्याचे होते. हैदराबादहून हुकूम निघाला होता की घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर कॉलेजची फी सरकार परस्पर कॉलेजला देणार. मग काय, आदिलाबादेत गल्लोगल्ली कॉलेजं निघाली. प्रवेशाच्या वेळी ही कॉलेजं एक छापील कागद हातात देत. वर्षाला खर्च किती येईल, त्यातला सरकार किती देईल आणि विद्यार्थ्यानं स्वतः किती भरायचा, याचा अंदाज त्यावर असे. आम्ही तिघी, म्हणजे आई, वहिनी आणि मी, अशाच एका कॉलेजात गेलो. तिथला क्लार्क तेलुगू माणूस होता, बोलायला मऊ. त्यानं कागद आईकडे फिरवला, शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, विद्यार्थ्याचा वाटा सुन्ना, अम्मा.

आईनं मला कोपर मारलं. "काय म्हंते तो आपल्या सुनेले?"

मला हसू आवरेना. सुन्ना म्हणजे शून्य, मी सांगितलं, आपल्याला एक रुपया भरायचा नाही. आईच्या तोंडावरचा सगळा ताण गेला. तो शब्द तिला इतका आवडला की बस स्टँडवर भेटलेल्या ओळखीच्या बाईलाही तिनं ऐकवलं, आमच्या सुनेले सुन्ना लागते. वहिनी पदराआड हसत होती. लग्नानंतर तिला असं मोकळं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

त्या शून्याच्या खाली बारीक तेलुगू अक्षरात एक ओळ होती. कोणत्याही कारणानं सरकारकडून मंजुरी न आल्यास संपूर्ण फी विद्यार्थ्यानं भरावी, आणि तोपर्यंत मूळ प्रमाणपत्रं कॉलेजकडे राहतील. मी ती वाचली होती. मोठ्यानं वाचली नाही. आई एकदाची हो म्हणाली होती, तिला पुन्हा शंका काढायला जागा कशाला द्यायची, असं मला वाटलं. शिवाय असल्या ओळी मी कचेरीत रोज टाइप करत होते. त्या कधी कुणाला लागू होतात हे डोक्यातच येत नव्हतं.

फीच्या अर्जाला रहिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला लागत होता. दोन्ही माझ्याच कचेरीतून निघायचे. लोक त्यासाठी आठ-आठ दिवस हेलपाटे घालत, झाडाखाली डबे उघडून बसत. वहिनीचे दाखले मी एका दिवसात काढून दिले, आणि सगळ्या कचेरीला दिसेल असं काढून दिले. तिला माझ्या टेबलाशेजारी खुर्ची दिली, चहा मागवला. नाव टाइप केलं ते नवं, पुढं भावाचं नाव, पुढं आमचं आडनाव. रेशनकार्डावर मीच ते घातलं होतं, मतदार यादीत मीच, बँकेच्या पासबुकाचा फॉर्मही माझ्याच अक्षरात. नव्या सुनेला घरात घ्यायचं म्हणजे अजून काय करायचं असतं?

वहिनीनं कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि अगदी हळू म्हणाली, "ताई, माह्या धाविच्या मेमोवर जुनं नाव हाये." गुणपत्रिकेला आमच्याकडे मेमो म्हणतात.

"आता जुनं नाव कोन ईचारते, वयनी?" मी म्हणाले. "लगन झालं ना तुमचं."

बाजूचा शिपाई हसला. मीही हसले. तिनं कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. मला आजही ती घडी दिसते.

कॉलेजातल्या क्लार्कनं मात्र दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले होते. वहिनीनं मला घरी येऊन सांगितलं. ही बाई कोण, असं त्यानं हिंदीत विचारलं. तिनं लग्नात नाव बदलतात ते सांगितलं तर त्याला खरंच वाटेना. आडनाव बदलतं हे त्याला ठाऊक होतं, पण आईबापानं ठेवलेलं नाव कसं बदलतात, आमच्यात तर नाही बदलत, असं म्हणत तो जरा वेळ विचारात पडला. मग परवालेदू, म्हणजे चालतंय, म्हणून त्यानं कागद फायलीत लावले. त्याच्यापुढं रांग होती. मी त्याला दोष देत नाही. त्याला निदान शंका तरी आली होती.

दोन वर्षं वहिनी बेल्याहून आदिलाबादला बसनं ये-जा करत राहिली. भाकरी टाकायच्या, भांडी घासायची, कापूस वेचणीच्या दिवसांत सुट्टीला शेतात जायचं, आणि राहिलेल्या वेळात पाठ लिहायचे. पुठ्ठ्याचे तक्ते करायची ती. बाराखडी, ऋतू, पानांचे आकार. घरातल्या लग्नपत्रिकांचे कागद संपले तेव्हा कचेरीतले एका बाजूनं कोरे असलेले कागद मी आणून द्यायचे. कॉलेजच्या हजेरीपटावर तिचं जुनं नाव, घरी नवं. बेल्याची बस सुटली की वाटेत कुठंतरी तुम्ही एक नाव उतरवून दुसरं अंगावर घालत असाल, असं मी तिला चिडवायचे. एकदा पाठ घ्यायला तिला आमच्याच मंडलातली शाळा मिळाली. मी जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम पाहायला गेले. पोरं तिला बाई, बाई करत अंगाशी येत होती आणि ती फळ्याशी अशी उभी होती की जणू तिथंच वाढलेली. घरी तिचा आवाज कधी चुलीपलीकडे गेला नव्हता. तिथं तो मला रस्त्यावरून ऐकू आला होता.

पहिल्या वर्षाची फी आली नाही. कुणाचीच वेळेवर यायची नाही, म्हणून काही वाटलं नाही. दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा मंजुरीची यादी लागली. तिच्यात वहिनी नव्हती. ना जुन्या नावानं, ना नव्या. मी कचेरीतल्या कॉम्प्युटरवर तिचा नंबर टाकून पाहिला. नामंजूर. अर्जातलं नाव आणि दाखल्यातलं नाव जुळत नाही.

अर्जात कॉम्प्युटरनं दहावीच्या मेमोवरून नाव घेतलं होतं आणि ते माझ्या दाखल्याशी लावून पाहिलं होतं. तेलुगू घरात मुलगी सासरी गेली तरी तिचं स्वतःचं नाव तेच राहतं. नियम लिहिणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढं आमचं तांदळाचं ताट आलंच नसणार. पण मी तर त्या ताटाशेजारी बसले होते, आणि मला तेलुगूही येत होतं आणि दाखलेही. आमच्या मंडलात ही चूक जिच्या लक्षात यायला हवी होती अशी एकच बाई होती.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या साहेबांकडे गेले. जुन्या नावानं दाखला द्या म्हणून हात जोडले. त्यांनी चिडचिड केली नाही. रेशनकार्ड, मतदार यादी, पासबुक, सगळं मागवून टेबलावर मांडलं आणि विचारलं, हे सगळे अर्ज कुणाच्या अक्षरातले? मी म्हटलं, माझ्या. मग ते हिंदीत म्हणाले की सगळ्या कागदांवर या घरात एका नावाची सून आहे. आता मी दुसऱ्या नावानं दाखला दिला तर त्या घरात दोन सुना होतील, उद्या चौकशी आली तर जबाब कोण देणार? त्यांनी माहेरच्या मंडलात जायला सांगितलं. तिथला माणूस म्हणाला, लग्न होऊन गेलेली मुलगी इथली रहिवासी कशी? नोटरीकडून दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं शपथपत्र केलं. ते घेऊन आदिलाबादला फी मंजूर करणाऱ्या कचेरीत गेले, तर तिथल्या मेडम म्हणाल्या, शपथपत्र नव्या अर्जाला जोडता येतं, मागची वर्षं बंद झाली. नव्या अर्जाला शिकत असावं लागतं, आणि वहिनीचं शिक्षण तर संपलं होतं. एकानंही नियम वाकडा केला नाही. सगळ्यांनी तो सरळच लावला.

वहिनी पहिल्या वर्गात पास झाली. आणि थोड्या दिवसांनी शिक्षकभरती निघाली, मराठी शाळांच्या जागांसकट. अर्जाला डी.एड.चा मूळ मेमो हवा होता. आम्ही दोघी कॉलेजात गेलो. क्लार्कनं लोखंडी कपाट उघडून तिचा मेमो काढला, लांबूनच दाखवला आणि परत ठेवला. त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. मग त्यानं तो जुना खर्चाच्या अंदाजाचा कागद काढला आणि शून्याखालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"मेडम, आपको तो तेलुगू आता है ना."

मी हो म्हणाले. वहिनी माझ्याकडे पाहत होती. तिला तेलुगू अक्षरं वाचता यायची नाहीत, पण तिला समजलं.

घरी मी आईला सगळं सांगितलं, ती ओळसुद्धा. आई एकच बोलली. "मंग तवा काऊन नाई वाचली?" दोन वर्षांची फी भरायची तर सालाचा सगळा कापूस गेला असता. आई म्हणाली, मी सुन्न्यावर हो म्हटलं होतं. भाऊ म्हणाला, पुढच्या साली पाहू. भरती पुढच्या साली निघत नसते हे त्यालाही माहीत होतं. माझा पगार चार महिन्यांपासून आला नव्हता, आणि आला असता तरी पुरला नसता. कानातलं मोडायला मी निघाले तर आईनं दार अडवलं. माझ्या लग्नासाठी ठेवलेलं होतं ते. लग्न मी पुढं केलंच नाही, आणि कानातलं अजून डबीत आहे. त्या दिवशी मी आईला बाजूला सारून जायला हवं होतं. मी परत आत गेले.

अर्जाच्या शेवटच्या तारखेला मी वहिनीला म्हटलं, चला, अजून एकदा कॉलेजात जाऊ, त्या क्लार्कचे पाय धरू. ती परसात धुणं वाळत घालत होती. तिनं हातातलं लुगडं झटकलं, दोरीवर टाकलं, त्याच्या चुण्या नीट केल्या.

"राहू द्या, ताई," ती म्हणाली. "नाव तं चांगलंच ठेवलं व्हतं तुमी."

टोमणा असता तर मी भांडले असते. भांडायला मी कधी मागं नव्हते. पण तिचा आवाज साधा होता, जणू ती माझी समजूत घालत होती. मी तिथंच पायरीवर बसून रडले आणि ती धुणं घालत राहिली.

आमच्या मंडलातली जागा तिच्याच वर्गातल्या एका मुलीला मिळाली. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी ती मुलगी आमच्या घरी आली. तुझे तक्ते फार छान होते, देतेस का, म्हणाली. वहिनीनं पलंगाखालून सगळे काढले, धूळ पुसली, एकावर एक रचून सुतळीनं बांधून दिले. पानांच्या आकारांचा तक्ता कोपऱ्यात दुमडला होता, तो तिनं तळहातानं सरळ केला. मी त्या मुलीला पाणीसुद्धा विचारलं नाही. तिची काही चूक नव्हती, तरी नाही विचारलं.

पुढं आंध्र गेलं, तेलंगणा आलं, कचेरीवरची पाटी बदलली, फॉर्म बदलले. ते कॉलेज बंद पडलं. मी एकदा चौकशीला गेले होते तेव्हा इमारतीत मोटारसायकलींचं गोदाम होतं, आणि लोखंडी कपाट कुठं गेलं ते कुणाला सांगता येईना. क्लार्क आपल्या गावी निघून गेला होता. मी अजून दाखले काढते. लग्न झालेली मुलगी आली की आधी दहावीचा मेमो मागते, आणि मेमोवर दुसरं नाव दिसलं तर तिच्या सासरच्यांवर इतकी ओरडते की शिपाई बाहेर जाऊन उभा राहतो. लोक म्हणतात, बाईचं डोकं फिरलंय. म्हणोत.

आई गेली त्याला आता काही वर्षं झाली. आई गेल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. घरात तिचं नाव, वहिनीचंही माहेरचं तेच, मोकळं झालं होतं. जे घ्यायची सोय नव्हती म्हणून मी दुसरं शोधून काढलं, ते आता कुणीही घेऊ शकत होतं. मी बरेच दिवस मनात घोळवलं. दाखल्यावर नाही तर नाही, भरतीला नाही तर नाही, निदान घरात तरी तिला तिच्या नावानं हाक मारावी, असं मला फार वाटायला लागलं. माहेरी ती गेली की तिची आई त्या नावानं हाक मारायची, तेव्हा ओल्या हातांनी धावत जाताना मी तिला पाहिलं होतं.

एका दुपारी ती ओसरीवर तूर निवडत बसली होती. घरात आम्ही दोघीच होतो. मी आतून आले, तिच्या मागं उभी राहिले आणि त्या नावानं हाक मारली.

तिनं वळून पाहिलं नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मी पुन्हा मारली, जरा मोठ्यानं. तेव्हा तिचे हात थांबले. तिनं आधी भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सूप बाजूला ठेवून मला बसायला जागा केली.

"आत्याबाईची लय आठोन आली काय, ताई?" ती म्हणाली.